मुलाला एनडीए मिळण्याची शक्यता किती, हे विचारणाऱ्या एका आईला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा दहावीत आहे, सांगली जिल्ह्यातल्या गावच्या मराठी शाळेत. नववीला ८६ टक्के, कबड्डी तालुक्यापर्यंत खेळलाय. एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, सैन्यातला अधिकारी व्हायला जायचं म्हणतो. घरी चार एकर शेती, आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपेल का याची धास्ती. पुण्यातल्या एका क्लासने दोन वर्षांचे पावणेदोन लाख सांगितलेत. तुम्ही विचारलंत, "शक्यता टक्क्यांत सांगा, म्हणजे कर्ज काढायचं की नाही ते ठरवता येईल." आणि शेवटी एक छोटी ओळ आहे, "तिथे ओळख लागते का?"

मी सैन्यात पंचवीस वर्षं काढली. त्यातली तीन वर्षं एका निवड मंडळावर होतो, मुलांना मैदानावर कामं देऊन पारखणारा अधिकारी म्हणून. निवृत्तीनंतरची बारा वर्षं गावाकडच्या मुलांची तयारी करून घेतोय. त्याची फी घेत नाही, त्यामुळे क्लासबद्दलही मोकळेपणाने लिहितो.

ओळख लागत नाही. कशी लागत नाही ते पुढे सांगेन. कुणी "आमचा माणूस आहे" म्हणून पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता टक्क्यांचं. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, आणि दर वेळी जागा साधारण ४०० असतात. अर्ज लाखांच्या घरात येतात. भागाकार केला तर छाती दडपेल असा आकडा निघतो, पण त्या गर्दीत नुसता फॉर्म भरून ठेवलेली पुष्कळ मुलं असतात. त्यांचा आकडा तुमच्या मुलाला लावण्यात अर्थ नाही. इथे एकामागून एक दारं आहेत. लेखी परीक्षा, मग एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढच्या चाचण्यांचे, पाच दिवस, मग वैद्यकीय तपासणी, मग अंतिम गुणवत्ता यादी. एक मूल गणितात अडतं, दुसरं बोलण्यात, तिसरं डोळ्यांच्या तपासणीत. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे की आपल्या मुलाला यातलं कुठलं दार अडवेल, आणि ते आजच कळेल का. बरंचसं कळतं.

वैद्यकीय तपासणी क्रमाने उशिरा येते, पण घरी ती सगळ्यात आधी करायची. माझ्याकडे एक मुलगा होता. लेखी पास, एसएसबीतून शिफारस म्हणजे निवड झालेली, गावात पेढे वाटून झालेले. लष्करी रुग्णालयात रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला सांगितले आणि त्याला ते दिसेनात. रंगांधळेपणा होता, जन्मापासून. त्यावर उपचार नाही. दोन वर्षं त्याने पहाटे चारला उठून अभ्यास केला होता, आणि त्या काळात नेत्रतज्ज्ञाकडची दहा मिनिटं कुणाला सुचली नव्हती. मलाही नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलाला पहिला आठवडा संपायच्या आत तपासून यायला लावतो. डोळे, रंगदृष्टी, कानात साचलेला मळ आणि पडदा, सपाट तळवे, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात का, नाकाचं वाकलेलं हाड, दात, वजन. यातल्या कित्येक गोष्टी वेळ हाताशी असेल तर सुधारतात. चष्मा घालवायला लेझर शस्त्रक्रिया मात्र करू नका, एनडीएच्या वयात केलेली ती अपात्र ठरवते. आणि जत्रेत गोंदवून घेऊ नको म्हणून त्याला आत्ताच बजावा. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचे निकष सगळ्यात कडक असतात, पण भूदल आणि नौदलाचे वेगळे आहेत. म्हणजे एका शाखेसाठी नापास झालेला मुलगा दुसऱ्या शाखेत बसू शकतो.

लेखीबद्दल भीती फार आहे. तितकी नसावी. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न. सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा, १५० प्रश्न, त्यातले ५० इंग्रजीचे. दोन्हींना अडीच-अडीच तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात. आता हिशेब बघा. गणितात ४५ बरोबर आणि १५ चूक आले, तर हातात जवळपास १०० गुण. इंग्रजीत ३० बरोबर, १० चूक, तर साधारण १०७. सामान्य ज्ञान आणि विज्ञानात ४५ बरोबर, २५ चूक, तर १४७ च्या आसपास. बेरीज साडेतीनशेच्या पुढे गेली. अलीकडच्या वर्षांतले बहुतेक लेखीचे कटऑफ याच्या खाली राहिलेत. प्रत्येक पेपरात किमान गुण वेगळे लागतात, तेवढं लक्षात ठेवा. निम्मे प्रश्न सोडून देऊनही मुलगा गणितात तग धरू शकतो, फक्त अंदाजपंचे गोळे काळे करायचे नाहीत.

पण लेखीचे गुण तिथेच संपत नाहीत. लेखी ९००, एसएसबी ९००, असे १८०० पैकी मिळून अंतिम यादी लागते. एसएसबीतून शिफारस झालेली, वैद्यकीय पास झालेली मुलंही यादीत खाली राहून बाहेर पडतात, कारण लेखीला काठावर निघालेली असतात. म्हणून कटऑफपुरता अभ्यास करू नये.

मराठी माध्यमाची तुम्हाला काळजी वाटते. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही. अकरावीला विज्ञान घेतलं की विषय इंग्रजीतूनच येतात, तेव्हा गणिताची भाषा बदलणं हा पहिल्या सहा महिन्यांचा त्रास आहे. सदिशला व्हेक्टर म्हणायची सवय होते. इंग्रजीचे २०० गुण हा खरा खड्डा. तो रोज अर्धा तास वाचून भरतो, शब्दांच्या याद्या पाठ करून भरत नाही. अकरावीला गणित सोडू मात्र देऊ नका. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते हे खरं, पण गणिताचा पेपर सगळ्यांना सारखाच असतो, आणि नौदल-हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागतंच.

आता एसएसबी. इथेच सगळ्यात जास्त मुलं गळतात आणि इथल्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज विकले जातात. पहिल्या दिवशी चाळणी होते. बुद्धिमापनाचे प्रश्न, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. त्याच दिवशी बरीच मुलं छातीवरचा नंबर परत देऊन स्टेशनची वाट धरतात. उरलेल्यांना तिघं जण तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ त्यांचं लिखाण वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलणं ऐकतो, आणि माझ्यासारखा मैदानावर कृती बघतो. आमच्यात याला मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात. तिघं एकमेकांशी मुलांबद्दल बोलत नाहीत. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला समोरासमोर बसतात, तेव्हाच मतं जुळवली जातात. ओळख लागत नाही असं मी म्हटलं ते यामुळे. एकाला कुणी गाठलं तरी बाकी दोघांचं निरीक्षण आड येतं.

मनसा म्हणजे काय ते बघा. बारा चित्रं, प्रत्येकावर एक गोष्ट लिहायची, त्यातलं शेवटचं कोरं. मग साठ शब्द, एकेकावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, तिथे आपण काय करू ते तीस मिनिटांत लिहायचं. वेग मुद्दाम ठेवलाय, सोंग आणायला सवड मिळू नये म्हणून. क्लासला जाऊन आलेली मुलं माझ्याकडे वह्या घेऊन येतात. दहाच्या दहा गोष्टींत नायक बुडणाऱ्या मुलाला वाचवतो आणि शेवटी त्याचा सत्कार होतो. मी विचारतो, "तू स्वतः गेल्या वर्षात काय निस्तरलंस?" मग खालमानेने सांगतो की वडील आजारी असताना ऊस तोडणीचं सगळं यानेच बघितलं, मुकादमाशी हिशेब यानेच केला. ते लिही की, बाळा! ते कुठल्या क्लासच्या छापील वहीत सापडायचं नाही.

मैदानावरचा एक प्रसंग सांगतो. आठ मुलांचा गट. एक लोखंडी पिंप, एक फळी, एक बल्ली, एक दोर. सगळ्यांनी सामानासह पलीकडे जायचं, मधल्या जमिनीला पाय लागता कामा नये, लाल रंगाला हात नाही. सुरुवातीला एक मुलगा अस्खलित इंग्रजीत योजना मांडत होता. योजना वाईट नव्हती, पण तो बोलतच राहिला. दुसरा, मराठवाड्यातला, अंगाने बारीक, तोवर खाली बसून फळी आणि बल्ली दोराने एकत्र आवळत होता. ट्रॉलीवरचा कडबा बांधतात तशी गाठ. फळी पलीकडे पोचत नव्हती. त्याने गटातल्या सगळ्यात जाड मुलाचा खांदा धरून त्याला फळीच्या मागच्या टोकावर बसवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "तू बैठ, हिलना मत, मैं जाता।" फळीचं पुढचं टोक अधांतरी, मागे त्या मुलाचा भार. बारीक मुलगा पलीकडे उतरला, दोर ओढून घेतला, एकेकाला आणलं. सगळे पोचल्यावर जाड मुलगा अलीकडे एकटा राहिला. बाकीचे जल्लोष करत होते. हा परत अर्ध्यापर्यंत आला आणि त्याला हात दिला. मी वहीत जे लिहिलं ते त्या परत येण्याबद्दल होतं. त्याची शिफारस झाली. इंग्रजीवाल्याची त्या वेळी झाली नाही. त्याच्या इंग्रजीमुळे नाही, त्याचं कुणी ऐकत नाहीये हे त्याला कळत नव्हतं म्हणून.

तिथे आम्ही असामान्य मूल शोधत नाही, ताई. अडचण आली की हे पोर काय करतं, आणि सोबतच्यांना घेऊन करतं का, एवढंच बघतो. ते पंधरा दिवसांच्या क्लासमध्ये येत नाही. पंधरा ते अठरा या वयात घरात, शेतात, संघात जबाबदारी खांद्यावर पडली की येतं. हल्ली चांगल्या घरांतूनही "तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो" असं ऐकू येतं. प्रेमापोटीच म्हणतात, पण या वाटेवर त्याने नुकसान होतं. तुम्ही त्याला बँकेत एकट्याला पाठवा. पंपाची मोटर जळाली तर वायरमनला गाठण्यापासून दुरुस्तीपर्यंत त्याच्यावर सोपवा. गावातल्या लहान पोरांचा कबड्डीचा संघ त्याला चालवू द्या. चुका होतील, थोडे पैसे जातील. मुलाखतीत असंच विचारतात. आमच्या एका मुलाने फॉर्मवर छंद म्हणून मोटर दुरुस्ती लिहिलं होतं. त्याला थ्री फेज म्हणजे काय, स्टार्टर ट्रिप का होतो, रात्रीच विजेची पाळी आली तर घरात कोण जातं, असं बराच वेळ विचारत राहिले. तो बाहेर येऊन म्हणाला, "सर, त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं वाटलंच नाही." ज्याने वाचन लिहिलं होतं त्याला शेवटचं वाचलेलं पुस्तक आठवेना.

आपल्या मुलांचा मोठा दोष म्हणजे गप्प बसणं. हिंदीत उत्तर दिलेलं चालतं, अडखळलेलं इंग्रजी चालतं, पण गटात पाच मिनिटं तोंड न उघडलेलं चालत नाही. मैदानावर एक छोटं भाषण असतं, चार विषयांतला एक निवडायचा, तीन मिनिटं विचार, तीन मिनिटं बोलणं. त्याची तालीम रोज रात्री जेवणानंतर ओसरीवर होऊ शकते. आजी समोर बसली तरी पुरे. पहिला महिना लाजेल, दुसऱ्या महिन्यात आजीच विषय द्यायला लागेल.

पैशाचं तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत. खडकवासल्याच्या तीन वर्षांत राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, औषधपाणी सगळं सरकारचं, आणि शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी. घरून वरखर्चापुरते पैसे द्यावे लागतात, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यासाठीही मदत मागता येते. त्यानंतर आपापल्या दलाच्या अकादमीत, म्हणजे भूदलाची मुलं डेहराडूनला, नौदलाची एळिमलाला, हवाई दलाची डुंडिगलला जातात. त्या टप्प्यात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. याहून मोठी शिष्यवृत्ती आपल्या देशात बारावीच्या मुलाला क्वचितच मिळत असेल. एक अट मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण अर्धवट सोडलं तर झालेला खर्च परत मागतात.

आणि म्हणूनच कर्ज काढून पावणेदोन लाख भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याआधी एक दार वाजवा. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, सगळे तिला एसपीआय म्हणतात. १९७७ साली सुरू झाली, सैन्याच्या अधिकारीवर्गात मराठी मुलांचं प्रमाण वाढावं म्हणून. दहावीत असतानाच अर्ज करायचा. लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, आणि निवडलेली मुलं तिथे राहून अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी करतात. प्रशिक्षणाचा भार सरकार उचलतं. जागा साधारण साठच, त्यामुळे हीसुद्धा स्पर्धाच आहे. पण तुमच्या मुलासाठी यंदाचं वर्ष हीच एक संधी आहे, अकरावीत गेल्यावर हे दार बंद होतं. सैनिक शाळेची वाट आता नाही, तिथे प्रवेश सहावीला आणि नववीला असतो. तुम्ही जाता जाता धाकटीचा उल्लेख केलात, ती आठवीत आहे. तिच्यासाठीही हे सगळं वाचून ठेवा. २०२२ पासून एनडीएत मुली जातात, मे २०२५ मध्ये १४८ व्या तुकडीतून पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या, आणि नाशिकला मुलींची एसपीआय सुरू झाली आहे.

एसपीआय नाही मिळालं तरी रडायचं कारण नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं आणि यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रश्नपत्रिका, एवढ्यावर लेखी पास झालेली मुलं मी पाहिली आहेत. घड्याळ लावून सोडवायच्या आणि चुका वहीत लिहून ठेवायच्या. लेखी पास झाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत करून घेतात. हे सरकारी केंद्र आहे हे गावाकडच्या निम्म्या मुलांना माहीतच नसतं, याचं मला वाईट वाटतं. हातात थोडे पैसे असतील तर ते इंग्रजीच्या शिकवणीवर आणि चांगल्या बुटांवर खर्च करा.

संधी किती मिळतात? प्रशिक्षण सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मध्ये असावं लागतं, आणि बारावीत गेल्याशिवाय अर्ज करता येत नाही. जन्मतारखेप्रमाणे बदलतं, पण बहुतेकांना तीन, फार तर चार परीक्षा देता येतात. पहिल्याच एसएसबीत निवड झाली नाही तर ते अपयश म्हणून घरी सांगू नका. एनडीएनंतरच्या वाटा धरून तिसऱ्या, पाचव्या खेपेला निवड झालेले कितीतरी अधिकारी माझ्याबरोबर होते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेची संगणकावरची वैमानिक चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते, तिथे "बघू तरी कसं असतं" म्हणून जाऊ नये.

एनडीएचं वय निघून गेलं तरी वर्दीची वाट संपत नाही. बारावीच्या गणित-विज्ञानाच्या गुणांवर आणि जेईई मेनवर भूदलाची तांत्रिक प्रवेश योजना आहे, नौदलाची बी.टेक. योजना आहे. पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा, हवाई दलाची एएफकॅट परीक्षा, एनसीसीचं सी प्रमाणपत्र असेल तर खास प्रवेश. सगळीकडे एसएसबी तीच. म्हणून अकरावीत गेल्यावर एनसीसी मिळत असेल तर घ्यायला सांगा.

तर मी जे पाहिलं त्यावरून तुमच्या मुलाबद्दल एवढंच म्हणतो. डोळे-कान-पाय ठीक निघाले आणि अकरावीचं गणित त्याने धरून ठेवलं, तर लेखी त्याच्या आवाक्यात आहे. एसएसबीला जे लागतं त्यातलं निम्मं शेतकऱ्याच्या घरात आणि कबड्डीच्या मैदानात त्याला मिळतंच आहे, बोलण्याचं तेवढं कमवावं लागेल. एक गोष्ट तुमच्या लिहिण्यातून मला कळली नाही. हे त्याचं स्वतःचं आहे की घरची परिस्थिती बघून त्याने मनाची तयारी केली आहे? दुसरं असेल तरी वाईट नाही, पण त्याला शांतपणे विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नका. पाच दिवसांत आम्हाला ते कळतंच. तुम्हाला आधी कळलेलं बरं.

या रविवारी दोन कामं करा. त्याला नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि रंगदृष्टी बघायची आहे असं आपण होऊन सांगा. आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरला असेल तर त्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी, शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून पाहा. पुढे सगळीकडे दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरतात. एका अक्षराचा फरक असेल तर आत्ता मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, नंतर त्याच कामाला महिने जातात.